घारापुरीला जाताय? माकडांच्या बाबतीत या चुका टाळा

घारापुरीहून परतणाऱ्या बोटीत जरा कान दिलात, तर लेण्यांपेक्षा माकडांच्याच गप्पा जास्त ऐकू येतात. कुणाचं कणीस गेलेलं असतं, कुणाचा चष्मा. एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि सुमारे सहा मीटर उंचीच्या त्रिमुखी सदाशिवासमोर चार क्षण शांत उभंही राहता येऊ नये, याचं फार वाईट वाटतं. यातला बहुतेक त्रास आपणच ओढवून घेतो.

सगळ्यात मोठी चूक पायऱ्यांवर होते. जेटीवरून छोट्या गाडीने किंवा चालत पुढे आलं की लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री. ऊन असतं, दम लागतो, माणूस कणीस किंवा काकडी घेतो आणि खात खात चढू लागतो. माकडं याच वाटेवर टपलेली असतात. ही बॉनेट मकाक जातीची माकडं. यांच्या गालांत पिशव्या असतात, काळ्या तोंडाच्या वानरांना त्या नसतात. हिसकावलेला घास पटकन गालात कोंबायचा आणि झाडावर जाऊन सावकाश चावायचा, हे त्यांना सहज जमतं. त्यामुळे एका झेपेत काम होतं आणि आपण सावध होईपर्यंत हात रिकामा झालेला असतो. खायचंच असेल तर हॉटेलात आत बसून खा, हात-तोंड धुवा आणि मग चढा.

पाण्याची बाटलीही हातात नको. रंगीत सरबताची तर नकोच. सगळं चेन लावलेल्या सॅकमध्ये ठेवा आणि सॅक पोटावर घ्या. सळसळणारी प्लास्टिकची पिशवी घरीच राहू द्या. पिशवीत खाऊ असतो हे इथल्या माकडांना पक्कं माहीत आहे.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. मारुतीरायाचं रूप म्हणून कुणी केळं देतं, कुणी मुलाच्या हातून बिस्किट देववतं. भावना खरी असते. पण माकड त्यातून एवढंच शिकतं की माणसाच्या हातात आपलं खाणं असतं. मग पुढचा हात एखाद्या लहान मुलाचा असतो, मूल ओरबाडलं जातं आणि दगड माकडाला बसतात. बेटावर झाडी आहे, त्यांचं खाणं तिथे आहे. त्यांना काहीही देऊ नका.

माकडाकडे रोखून बघू नका, त्याला ते आव्हान वाटतं. दात दाखवून हसलात तरी तो अर्थ निघू शकतो. भुवया ताणून, तोंड उघडून ते तुमच्याकडे बघत असेल तर ती धमकी समजा. पळू नका, नजर खाली घेऊन हळूहळू मागे सरका. पिल्लू पोटाशी धरलेल्या माकडिणीजवळ सेल्फी अजिबात नको.

आणि वस्तू हिसकावलीच तर? ओढाताण करू नका. चावे बहुतेक त्यातच बसतात. खाऊ असेल तर सोडून द्या. चष्मा किंवा मोबाईल असेल तर मागे हटा, भोवती गर्दी होऊ देऊ नका. खाण्यासारखं नाही हे कळलं की माकड पुष्कळदा ती वस्तू टाकून देतं. दगड मारलात तर ते आणखी वर चढेल. जवळच्या दुकानदाराला किंवा पहारेकऱ्याला हाक मारा, त्यांना या टोळ्यांच्या सवयी ठाऊक असतात. खाऊ दाखवून अदलाबदल करायचा मोह मात्र आवरा. बालीतल्या उलुवातू मंदिराजवळची माकडं याच व्यवहारातून पक्की झाली आहेत: वस्तू पळवायची आणि मनासारखा खाऊ मिळाल्याशिवाय सोडायची नाही. घारापुरीत ती वेळ आणू नये.

चावा किंवा ओरखडा मात्र कधीही किरकोळ समजू नका. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. पुढची बोट पकडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आवर्जून विचारा. एक डोस घेऊन थांबू नका, सगळे डोस ठरलेल्या दिवशी पूर्ण करा. इथे चालढकल जिवावर बेतू शकते.

लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेहून बोटीला साधारण तास लागतो, म्हणून सकाळची बोट धरा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. मुख्य लेणं पाहून तोफांच्या टेकडीकडे जाणार असाल तर मुलांच्या हातातला खाऊ आधी सॅकमध्ये टाका. त्या वाटेवर दुकानं विरळ होतात, माकडं होत नाहीत.