ऑटिस्टिक असाल तर ऑफिसात आणि घरी या चुका टाळा

माझं निदान बत्तिसाव्या वर्षी झालं, त्यामुळे खालच्या सगळ्या चुका मी आधीच करून बसलोय.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे अगदी असह्य होईपर्यंत गप्प बसणं. माझी जागा पॅन्ट्रीच्या दाराशी होती, मायक्रोवेव्हचं बीप बीप, सारखं धाडकन आपटणारं दार, डोक्यावर ट्यूबलाइटची घरघर, आणि मी दोन वर्षं "नाही नाही, चालतंय" म्हणत राहिलो, मग एक दिवस मीटिंगमध्ये साध्या प्रश्नावर असा ओरडलो की सगळे बघतच राहिले. दार कुणाच्या लक्षात नाही, ओरडणं मात्र आहे.

मग मोघम बोलणं. "मला जरा त्रास होतो" म्हटलं की "सगळ्यांनाच होतो रे" हेच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा डोकं शांत असताना मेल टाका: "सर, मला कोपऱ्यातली जागा हवीये, आणि तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत चॅटवर टाकाल का?" एवढं मागायला निदान सांगावंच लागतं असं नाही. पहिल्याच मेलमध्ये कायदाही काढू नका, पण माहीत असू द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी कंपनीच्या समान संधी धोरणात अशा सोयी लिहिलेल्या असायला हव्यात. एचआरकडे ते धोरण मागा.

"वेळ मिळाला तर बघ" म्हणजे आज संध्याकाळपर्यंत कर, आणि "बघू" म्हणजे बहुतेक नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आता सरळ विचारतो, कधीपर्यंत हवंय? लोकांना थोडं उद्धट वाटतं, वाटू दे.

घरी वेगळीच गंमत. दिवसभर नॉर्मल असल्याचं नाटक करून आलो की कधीकधी शब्दच फुटत नाहीत, आणि बायकोला वाटायचं मी रुसलोय, मग ती विचारणार "काय झालं?", मी गप्प, ती आणखी चिडणार. आता फ्रीजवर एक मॅग्नेट आहे. ते उलटं लावलं की अर्थ ठरलेला: राग नाहीये, नऊला बोलतो. आणि नऊला खरंच बोलायचं, नाहीतर मॅग्नेट म्हणजे पळवाट होते (माझी झाली होती, चांगलं भांडण झालं).

मागच्या महिन्यात सासूबाई आल्या होत्या. चौथ्या दिवशी त्याच खोलीच्या दारातून म्हणाल्या, "अहो, आज ते उलटं दिसतंय, चहा आतच आणून देऊ का?"