अंधाऱ्या खोलीतली झाडं: या चुका टाळा

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. हॉलची खिडकी उघडली की समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. दुपारी तासभर ग्रिलवर ऊन येतं, बाकी दिवसभर ट्यूबलाइट. मुंबईत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. झाडं अशा घरातही छान जगतात. जी मरतात त्यांच्या मरण्याचं खापर आपण अंधारावर फोडतो, पण माझ्या पाहण्यात त्यातली बहुतेक पाण्याने गेलेली असतात.

आमच्याकडचंच सांगते. सासूबाईंची रोजची सवय, अंघोळ झाली की तुळशीला पाणी आणि तांब्यात उरलेलं कोपऱ्यातल्या झीझीला (ZZ प्लांट, जाड चकचकीत पानांचं घरात ठेवायचं झाड). तुळस ग्रिलमध्ये, वाऱ्यावर असते. सकाळचं पाणी दुपारपर्यंत संपवते. झीझी मात्र कपाटाच्या आडोशाला. ऑगस्टमध्ये त्याच्या दांड्या एकेक करून पिवळ्या पडल्या आणि आडव्या झाल्या. पाणी कमी पडतंय असं वाटून मीही वरून घालत राहिले. शेवटी कुंडी उपडी केली. आत नुसता चिखल, आंबूस वास. मुळांशी बटाट्यासारखे गड्डे असतात, ते बोटाने दाबले तर साल सुटून पिकल्या केळ्यासारखा गर हाताला लागला. झीझी मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. पावसाविना जाणाऱ्या दिवसांसाठी ते त्या गड्ड्यांमध्ये पाणी साठवतं, आणि त्यालाच आम्ही रोज पाजत होतो.

कमी उजेडात झाड अन्न कमी बनवतं, म्हणून पाणीही कमी ओढतं. माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही, त्यामुळे पानं तहानल्यासारखी मलूल दिसतात आणि आपण पुन्हा तांब्या उचलतो. इथे फसू नका. पान पिवळं, मऊ आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. पान कडेने कुरकुरीत आणि कुंडी उचलायला हलकी लागत असेल तरच ते तहानलेलं आहे. बोट दोन पेरं मातीत घाला, खाली ओल लागली तर आज पाणी नाही. वार ठरवून पाणी घालायची पद्धत तर सोडूनच द्या. मे महिन्यात आठ-दहा दिवसांनी लागणारं पाणी जुलैच्या दमट हवेत तीन आठवडेही लागत नाही.

कुजायला लागलेलं झाड वाचतं, पण त्याच दिवशी हात घालावा लागतो. माती झटका, काळी-मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, टणक भाग दिवसभर सावलीत सुकू द्या आणि मग कोरडसर, नव्या मातीत लावा. लगेच खत नको. आजारी मुळांना ते सोसत नाही.

माती हा दुसरा घोळ. नर्सरीतून काळ्या पिशवीत येणारी झाडं बरेचदा चिकट लाल मातीत असतात. गच्चीवर ती चालते, अंधाऱ्या कोपऱ्यात तिचा गोळा होतो. मी अर्धी माती, उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) घेते. पर्लाइट नसेल तर विटेचे बारीक तुकडे. कुंडी मुळांपेक्षा दोन बोटंच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

झाड आणण्याआधी जागा तपासा. दुपारी तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा पुसट, पण हात ओळखू येतो, अशा जागी झीझी, स्नेक प्लांट, हिरवा मनी प्लांट, हिरवा अग्लोनिमा, सिंगोनियम ही मंडळी राहतात. सावलीच पडत नसेल, तर पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा पानांपासून फूटभर अंतरावर रोज दहा-बारा तास लावल्याशिवाय काहीही आणू नका. बिनखिडकीच्या बाथरूमलाही हेच लागू.

पांढऱ्या-पिवळ्या नक्षीच्या पानांचा मोह मला कळतो. पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, अन्न हिरवा भागच बनवतो. त्यामुळे अशी झाडं अंधारात आधी खंगतात किंवा नवी पानं हिरवीच काढतात. क्रोटन, जास्वंद, मोगरा, कोरफड ही तर उन्हाचीच. अरेका पामही खिडकीपासून लांब महिनोन्‌महिने तग धरतो आणि मग झावळ्या टाकू लागतो.

रस्त्याची धूळ पानांवर बसते, ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. खोबरेल तेल किंवा दूध लावून चमकवू नका, धूळ आणखी चिकटते.

कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी मात्र मुंबईत फार महाग पडतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच थोड्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. महापालिकेचे कर्मचारी ताटल्या बघतात ते त्यासाठीच. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा. अंडी काचेला चिकटतात, पाणी ओतून टाकलं तरी राहतात.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर एक लक्षात ठेवा. मनी प्लांट, झीझी, अग्लोनिमा, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली. कच्च्या अळूने घसा खवखवतो तसंच यांचं पान चावलं की तोंड चुरचुरतं, सुजतं. कुंड्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा आणि छाटणी झाल्यावर डोळ्यांना हात लावण्याआधी ते हात साबणाने धुवा.