रहस्यनाटक बसवताय? या चुका टाळा

हौशी संस्थांना खुनाचं नाटक करायची भारी हौस असते आणि मला ती हौस मनापासून आवडते. पण पहिलं वाचन संपलं की चर्चा सुरू होते ती रक्त कसं दाखवायचं, पिस्तूल कुठून आणायचं आणि किंकाळीला पार्श्वसंगीत कोणतं लावायचं याची. संहिता पुन्हा वाचायला कुणी बसत नाही. कौटुंबिक नाटकात चार वाक्यं गळाली तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. रहस्यनाटकात तो खुर्चीत बसून हिशेब मांडत असतो. कोण केव्हा आत गेलं, दार कुणी लावलं, पत्र कुणाच्या हातात होतं? यातली एक रक्कम आपण गाळली, तर शेवटचं उत्तर त्याच्या दृष्टीनं चुकीचंच ठरतं.

वाक्य ‘भरताड’ वाटलं म्हणून कापणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. आमचं एक तीन अंकी नाटक दोन तासांत बसवायचं होतं. दुसऱ्या अंकात घरातली मोलकरीण फुलदाणी पुसता पुसता म्हणते, “बाईसाहेब, दिवाणखान्यातलं घड्याळ सकाळपासून बंद आहे हं.” दिग्दर्शकाला वाक्य अगदीच निरुपयोगी वाटलं. लाल रेघ मारली. प्रॉम्प्टिंग, म्हणजे नट विसरला तर विंगेतून वाक्य पुरवणं, माझ्याकडे होतं, पण मीही माझ्या प्रतीत निमूटपणे रेघ मारली.

तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर गुन्हेगाराला पकडतो तो याच घड्याळावरून. “नऊचे टोले ऐकूनच तुम्ही झोपायला गेलात ना? पण ते घड्याळ तर सकाळपासून बंद होतं!” घड्याळ बंद आहे हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे दोन महिन्यांच्या तालमींत कुणाला काही खटकलं नाही. प्रयोगाला इन्स्पेक्टरनं ते वाक्य टाकलं आणि प्रेक्षागृहात सन्नाटा पसरण्याऐवजी कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला विचारत होत्या, “घड्याळ कधी बंद पडलं गं?” मला विंगेत स्पष्ट ऐकू आलं. खुनी झालेल्या मुलीनं पुढचा कबुलीजबाब जीव ओतून केला, पण लोक अजून घड्याळातच अडकले होते. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक रहस्यनाटकाला एक वेगळी वही घालते. प्रत्येक धागादोरा कोणत्या पानावर येतो, कोण बोलतं, कोण ऐकतं आणि शेवटी तो कुठे वापरला जातो, एवढं त्यात लिहिलेलं असतं. ही वाक्यं प्रॉम्प्टरच्या प्रतीत लाल शाईनं अधोरेखित करायची. ती कापायची नाहीत आणि नटानं स्वतःच्या शब्दांतही बोलायची नाहीत. शिवाय प्रत्येक वाक्याला मी एक राखणदार नेमते. भर प्रयोगात नटानं दोन पानांची उडी मारली, तर रंगमंचावरच्या दुसऱ्या कुणीतरी ते वाक्य आत आणायचं. मोलकरीण विसरली तर बाईसाहेबांनीच विचारायचं, “अगं, हे घड्याळ बंद का आहे?” याचीही तालीम लागते. ती कंटाळवाणी असते आणि नवी मुलं कुरकुर करतात. करू द्यावी.

शेवटच्या आठवड्यात, ज्यानं नाटक वाचलेलं नाही अशा एखाद्याला तालमीला बसवा आणि अखेरच्या प्रवेशाआधी थांबून विचारा, संशय कुणावर आहे? त्याला कुणाचाच संशय येत नसेल तर धागे पोचलेले नाहीत. आणि मुळात संहितेला कात्री लावायची असेल, तर लेखकाची लेखी परवानगी आधी घ्यायची असते.

शस्त्र ‘नाटकातलंच तर आहे’ म्हणून हाताळणं

यावर मी कुणाचं ऐकत नाही. ब्लँक काडतुसात गोळी नसते, पण दारू असते आणि नळीच्या तोंडाशी तिच्या वायूचा दाब जीवघेणा असतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटानं मालिकेच्या सेटवर गमतीनं ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. २००८ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये आत्महत्येच्या प्रवेशात एका नटाच्या हाती बोथट न केलेला सुरा आला आणि त्याचा गळा खरोखर चिरला गेला. सुदैवानं तो वाचला. ही व्यावसायिक मंडळी होती. आपल्याकडे तर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळणारा मुलगा परीक्षा असली की तालमीलाच येत नाही.

म्हणून माझ्या नाटकात बार उडू न शकणारं खेळण्यातलं पिस्तूलच असतं आणि आवाज बाहेरून येतो. सुरा लाकडी किंवा रबरी. दाबला की आत जाणारं पातं मला नको. त्याची स्प्रिंग नेमकी प्रयोगालाच अडकते. शस्त्रं एकाच माणसाच्या ताब्यात राहतात. तो एन्ट्रीच्या आधी ती नटाच्या हातात देतो आणि एक्झिट झाली की परत घेतो. मेकअपच्या खोलीत पिस्तूल घेऊन फोटो काढणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवते.

आता आवाजाचं. गोळीचा आवाज मागच्या स्पीकरमधून आला, तर खून प्रेक्षकांच्या पाठीमागे झाल्यासारखा वाटतो. एक छोटा स्पीकर सेटच्या मागे, पिस्तूल असेल त्या बाजूला ठेवा. हात झटकला की ध्वनीवाल्यानं बटण दाबायचं, आवाज आला की मरणाऱ्यानं कोसळायचं, हा क्रम ठरलेला हवा. आणि विंगेत बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या घेऊन एक माणूस उभा हवाच. लॅपटॉप गप्प राहिला तर त्यानं त्या फळ्या जोरात आपटायच्या. माझ्या डोळ्यांदेखत एक खलनायक तीन वेळा चाप ओढत राहिला आणि समोरचा नट पडावं की उभं राहावं या पेचात सोफ्याला धरून थांबला. त्या दिवसापासून फळ्या माझ्या पेटीत कायमच्या आहेत.

प्रेताचा श्वास

मेलेल्या माणसाचं पोट हलताना दिसलं की प्रवेश तिथेच संपतो. श्वास रोखून धरायला सांगू नका. मग तो मध्येच मोठ्ठा श्वास घेतो. कोसळतानाच डोकं मागच्या पडद्याकडे, धड सोफ्याच्या आड आणि हात तेवढा बाहेर, अशी जागा ठरवा. बोटं किंचित वळलेली, तळवा वर. तो हात स्थिर राहिला की लोक बाकीचं मरण स्वतःच पाहतात. अंगावर सैल, गडद कपडा असला तर हलका श्वास खपून जातो. आणि प्रेत बाल्कनीतून बघा. तिथून सोफ्यामागचं सगळं दिसतं आणि दिग्दर्शक तिथे कधी जात नाहीत.

रक्त. कॉर्न सिरप आणि खाण्याचा लाल रंग पुरतो. त्यात थोडा शाम्पू घातला तर धुवायला सोपं, फक्त मग ते तोंडात जाऊ द्यायचं नाही. आधी कपड्याच्या तुकड्यावर लावून बघा. रात्रीसाठी निळा प्रकाश ठेवणार असाल तर लक्षात घ्या, निळ्यात लाल रक्त काळं दिसतं. हे प्रकाशयोजनेसह तालीम केल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकी तीच तालीम लोक वाचवायला बघतात.

खुनी नटानं पहिल्या अंकापासून डोळे बारीक करणं. करू नये. त्यानं निरपराध माणसाचंच काम करायचं, कारण ते पात्र तेच करत असतं.

फोन उचलल्यावरही घंटी वाजत राहणं. घंटी वाजवणाऱ्याला फोन दिसेल अशी जागा द्या.

अंधारात प्रेत हलवायचं असेल तर आकडे मोजत तालीम करा आणि फर्निचरच्या कोपऱ्यांना चमकणारी पट्टी लावा.

शेवटच्या उलगड्यात इन्स्पेक्टर दहा मिनिटं बोलतो आणि बाकीचे रांगेत पुतळ्यासारखे उभे राहतात. हे फार सोसावं लागतं. प्रत्येकाच्या मनात काहीतरी लपवण्यासारखं आहे हे त्याला आठवून द्या. एकाला बसवा, एकीला खिडकीशी पाठवा. खुनी मात्र सगळ्यांना पूर्ण दिसला पाहिजे, कारण नाव उच्चारलं जाताच सगळ्या नजरा त्याच्याकडे वळतात.

आणि छापायला जाण्याआधी माहितीपत्रक स्वतः वाचा. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या ‘द माउसट्रॅप’ या अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यनाटकाच्या प्रयोगानंतर खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. आमच्या एका पत्रकावर मात्र पात्रपरिचयात ‘तोतया डॉक्टर’ असं छापलं होतं. पडदा उघडण्याआधीच तिसरी रांग ते एकमेकांना दाखवत होती.