उखडलेल्या रस्त्याचा हिशेब माहिती अधिकारात कसा मागावा

पहिल्याच पावसात रस्ता उखडला की पारावर आकडे उडायला लागतात. कुणी म्हणतं दहा लाखांचं काम होतं, कुणी म्हणतं पंचवीस. खरा आकडा कार्यालयाच्या कपाटात असतो आणि माहितीचा अधिकार अधिनियम २००५ नुसार तो १० रुपयांत मागता येतो. अडतं ते बहुतेक वेळा अर्जाच्या मजकुरावर.

आधी रस्ता कुणाचा ते शोधा

एकाच गावात ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग या तिघांचे रस्ते असू शकतात. कामाचा फलक शाबूत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर योजना, ठेकेदार आणि रक्कम असते. ग्रामपंचायतीच्या खर्चासाठी ई-ग्रामस्वराज पोर्टल पाहा, बरंच तिथंच सापडतं. तरीही अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत करता येत नाही.

आणखी एक सोय आहे, जी फार कमी लोक वापरतात. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. एखादा कर्मचारी ‘असं काही नसतं’ म्हणेल. निर्णयाची प्रत मोबाइलमध्ये ठेवून जा.

अर्जात ‘का’ विचारू नका

‘रस्ता एवढ्या लवकर का खराब झाला?’ असं लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. चीड येते, पण ते अगदीच चूक नाही. कायदा दप्तरी असलेला कागद देतो. खुलासा नव्यानं लिहून द्यायला तो अधिकाऱ्याला बांधत नाही. म्हणून कागदांची नावं लिहा.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. विहित नमुना ‘जोडपत्र अ’ झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. मजकूर साधारण असा असावा:

*विषय: मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या सिमेंट काँक्रीट रस्त्याचे काम.*
*कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाची तारीख.*
*तपशील: मंजूर अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश व करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या सर्व नोंदी, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती.*

माहिती कशासाठी हवी हे लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क माफ आहे, फक्त पुरावा जोडावा लागतो. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

३० दिवस, आणि त्यानंतर

उत्तरासाठी ३० दिवस असतात. मधेच ‘इतक्या पानांचे इतके रुपये भरा’ असं पत्र येईल. पानाला २ रुपये लागतात. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस या ३० मध्ये धरत नाहीत, त्यामुळे लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती मात्र फुकट द्यावी लागते.

उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. नमुना ‘जोडपत्र ब’, स्टॅम्प २० रुपयांचं. त्यातही दाद मिळाली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण तिथं अपिलांचा ढीग आहे, सुनावणीला फार वेळ लागतो. म्हणून माझा भर प्रथम अपिलावर असतो. सुनावणीला स्वतः जा आणि कोणता कागद मिळाला नाही, तेवढंच बोला. गावच्या राजकारणात शिरलात की वेळ गेलाच.

कागद मिळाले, आता एम.बी. उघडा

मोजमाप पुस्तिकेला सगळे एम.बी. म्हणतात. बिल तिच्यावरून निघतं, म्हणून बाकीच्या गठ्ठ्याआधी ती वाचा. एका ओळीत लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार असतो. समजा नोंद आहे ३०० × ३ × ०.१५ मीटर, म्हणजे १३५ घनमीटर काँक्रीट. टेप घेऊन रस्त्यावर जा. जिथं तुकडा निघालाय तिथं जाडी मोजा. सगळीकडे १५ ऐवजी १० सेंटिमीटरच भरत असेल, तर काँक्रीट पडलं ९० घनमीटर. एक तृतीयांश मालाचं बिल हवेत निघालं.

एकाच जागचं माप पुढे करू नका. ‘कडेला जाडी कमीच असते’ असं उत्तर तयार असतं. पाच-सहा ठिकाणी मोजा, टेपसकट फोटो काढा आणि कार्यकारी अभियंत्याकडे तुमच्यासमक्ष कोअर टेस्ट (रस्त्यातून गोल तुकडा कापून त्याची तपासणी) करण्याची लेखी मागणी करा. ग्रामसभेतही विषय मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्या.

करारनाम्यात दोषदायित्व कालावधी दिलेला असतो. तेवढ्या काळात रस्ता खराब झाला, तर ठेकेदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. पूर्णत्वाच्या दाखल्यावरची तारीख पाहून हा कालावधी कधी संपतो ते मोजा. महिनाभरच उरला असेल, तर मोजमापाची तक्रार थोडी मागे ठेवा. आधी दुरुस्तीचं पत्र द्या आणि काम होईपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत करू नये, हेही त्यातच लिहा.