सिंट मार्टेनला जहाज लागतं तेव्हा या चुका टाळा

मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघणाऱ्या पूर्व कॅरिबियनच्या क्रूझमध्ये सिंट मार्टेन बेटावरच्या फिलिप्सबर्ग बंदराचा थांबा बऱ्याचदा असतो. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’. ते वाचून आपण नऊ तासांचा बेत आखतो: विमानतळाला लागून असलेल्या माहो बीचवर डोक्यावरून जाणारी विमानं बघायची, फ्रेंच बाजूला मारिगोत जेवायचं, ओरिएंट बीचवर डुंबायचं आणि येताना फ्रंट स्ट्रीटवर खरेदी. बेट अवघं ८७ चौरस किलोमीटर, त्यात दोन देश; डच आणि फ्रेंच बाजूंच्या मध्ये तपासणी नाका नाही. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं आणि तिथेच हिशेब फसतो.

कारण ते नऊ तास तुमच्या हातात नसतात. जहाज धक्क्याला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत कोणाला उतरता येत नाही. मग लिफ्टपाशी गर्दी, गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावर, रांग. परतताना ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर हजर असण्याची, वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. हाती उरतात जेमतेम साडेसहा-सात तास. त्यातला मोठा वाटा रस्ता खातो. फिलिप्सबर्गहून माहोला जायचं तर नेहमीचा रस्ता कोल बेची टेकडी ओलांडून सिम्पसन बेमधून जातो. तिथल्या खाडीवरचा पूल यॉट आत-बाहेर सोडण्यासाठी दिवसातून अनेकदा उघडतो आणि तेवढा वेळ गाड्या उभ्या राहतात. बंदरात त्या दिवशी चार-पाच जहाजं असतील तर बघायलाच नको. सकाळी अर्ध्या तासात कापलेलं अंतर दुपारी तासाभराचंही होतं.

म्हणून माहो किंवा ओरिएंट, दोन्हींपैकी एकच निवडा. लांबची जागा सकाळी उरका आणि दुपार फिलिप्सबर्गसाठी ठेवा. धक्क्यावरून गावात पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येतं, वॉटर टॅक्सीही असते, आणि ग्रेट बेचा किनारा गावाला लागूनच आहे. बरोबर आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर गावातच दिवस काढण्यात काही कमीपणा नाही. पाणी तिथलंही निळंशार आहे.

माहोला जाणाऱ्यांची एक अडचण मात्र खरी आहे. युरोपहून येणारी मोठी विमानं साधारणपणे दुपारीच उतरतात, सकाळी छोट्या विमानांवर भागवावं लागतं. मोठं विमान बघायचंच असेल तर त्या दिवसाचं वेळापत्रक प्रिन्सेस जुलियाना विमानतळाच्या संकेतस्थळावर आधी बघा आणि परतीसाठी दीड तास राखून ठेवा. तेवढं जमत नसेल तर मोह सोडा. आणि धावपट्टीच्या कुंपणाला लटकायचा खेळ नको. इथे वारा बहुतांश पूर्वेकडून वाहतो. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उडतात, म्हणजे उड्डाणाच्या वेळी इंजिनांचा झोत थेट किनाऱ्यावर येतो. जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडची एक पर्यटक त्या झोताने फेकली जाऊन दगावली. इशाऱ्याची पाटी शोभेला लावलेली नाही.

घड्याळ कुणाचं मानायचं?

सिंट मार्टेन वर्षभर एकाच वेळेवर चालतं, तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. उन्हाळ्यात बेटाची आणि मायामीची वेळ सारखीच असते, हिवाळ्यात बेट एक तास पुढे असतं. काही जहाजं बेटाची वेळ धरतात, काही मायामीचीच ठेवतात. जहाज मायामीच्या वेळेवर असलं आणि तुमच्या फोनने बेटाची वेळ पकडली तर तुम्ही तासभर लवकर याल, एवढंच. उलट झालं तर मात्र पंचाईत. जहाजाने घड्याळ पुढे केलं आणि तुमचा फोन एअरप्लेन मोडमध्ये जुन्याच वेळेवर राहिला, तर तुम्ही निवांत आइस्क्रीम खात असताना जहाज सुटलेलं असेल. उतरताना गँगवेवरचं घड्याळ बघा, हातातलं साधं घड्याळ त्याला जुळवा आणि दिवसभर फोनकडे वेळ विचारू नका.

व्हिसाचा शिक्का

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांची सर्वांत महागात पडणारी चूक जहाजावर चढण्याआधीच झालेली असते. एच-१बी हा नोकरीचा दर्जा वैध आहे, आय-९४ची (अमेरिकेत राहायच्या परवानगीची) मुदत आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे, अशी स्थिती अनेकांची असते. ‘मेक्सिकोला जाऊन आलो तेव्हा चाललं होतं’ असं कोणीतरी सांगतं आणि तिकीट काढलं जातं. मेक्सिकोला चाललं ते संपलेल्या शिक्क्यावरही परत येऊ देणाऱ्या ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ या नियमामुळे. तीस दिवसांपर्यंतच्या प्रवासाची ही सवलत एच-१बी वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांनाच मिळते, त्यातही क्युबा वगळून. म्हणजे घरात मुलगी एफ-१ वर आणि वडील एच-१बी वर असतील, दोघांचेही शिक्के संपलेले असतील, तर नियम दोघांना वेगळा लागतो. विद्यार्थ्यांनी आय-२० वर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रमाणपत्रावर, प्रवासाची सही आहे ना, हेही बघावं. पैसे भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक ई-मेल टाका. प्रत्येक बेटाचे स्वतःचे नियमही असतात, ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं उत्तर पुरेसं नाही.

गावात उतरल्यावर

टॅक्सीला मीटर नसतो. भाडी सरकारने ठरवून दिलेली असतात, ती माणशी आहेत की गाडीची, हे बसण्याआधीच विचारा. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात. डच बाजूचं अधिकृत चलन २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर आहे आणि फ्रेंच बाजूला युरो, पण दिवसभरासाठी पैसे बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. लहान नोटा मात्र जवळ ठेवा.

फ्रंट स्ट्रीटवर सोन्या-हिऱ्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची बरीच दुकानं सिंधी कुटुंबांची आहेत. हिंदीत बोलणं सुरू झालं की आपण सैलावतो आणि घासाघीस करायला लाजतो. लाजू नका, समोरचा लाजत नाही. जहाजावरच्या ‘शॉपिंग टॉक’मध्ये जी दुकानं सुचवतात, त्यांनी त्या जाहिरातीचे पैसे मोजलेले असतात. इथे आयात शुल्क नसलं तरी अमेरिकेत परतताना माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीलाच सीमाशुल्कातून सूट सर्वसाधारणपणे मिळते.

ओरिएंट बीचच्या दक्षिण टोकाला विवस्त्र वावरण्याची मुभा आहे. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर टॅक्सीवाल्याला उत्तर टोकाकडे सोडायला सांगा. पुढचा प्रसंग वाचेल.

ऊन मात्र हलक्यात घेऊ नका. बेटाचा अक्षांश १८ अंश, म्हणजे जवळपास सोलापूर-पुण्याचाच. शिकागोच्या बर्फातून आलेल्या कातडीला ही सवय नसते, आणि गार वाऱ्यामुळे भाजतंय हे कळतही नाही. सावली शोधताना झाड बघून बसा. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, पण फळ आणि चीक दोन्ही विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. मुलांना आधीच सांगून ठेवा.

घरून आणलेले ठेपले आणि नाश्त्याच्या टेबलावरची केळी जहाजावरच राहू द्या. ताजं अन्न आणि फळं बेटावर न्यायला मनाई असते, बंद पाकिटातला चिवडा चालतो.

जहाज सुटलंच तर

जहाजाच्या स्वतःच्या सहलीत असाल आणि बसला उशीर झाला, तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरत असाल तर ते थांबत नाही. रोज केबिनमध्ये किंवा अॅपवर येणाऱ्या पत्रकात क्रूझ कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर होतोय हे कळताच, धक्क्यावर पोचायची वाट न बघता तिथूनच फोन करा. जहाजाचे कर्मचारी बहुधा तुमच्या केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटकडे देतात, पण त्याची हमी नाही. म्हणून माहोपर्यंत स्वतः जाणार असाल तर पासपोर्ट जलरोधक पाकिटात बरोबर ठेवा. ग्रेट बेवरच असाल तर पासपोर्टचा फोटो पुरे. पुढच्या बंदरापर्यंतचं विमानाचं तिकीट तुमच्याच खिशातून जाईल, पण ते काढण्याआधी दोन गोष्टी एजंटला विचारा: पुढचं बेट भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय आत घेतं का, आणि जहाज तिथे तुम्हाला पुन्हा चढू देईल का. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर सरळ मायामीचं तिकीट काढा आणि सामान परतीच्या बंदरावर उतरवून ठेवायला एजंटला सांगा.