टॉर्चचे सेल कसे निवडावेत: अंधाराआधी मे महिन्याचा विचार करा

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण वीज गेली. आलमारीवरची टॉर्च काढली, बटण दाबलं, काही नाही. झाकणही फिरेना. सकाळी पक्कड लावून उघडली तर आतले सेल पांढऱ्या खपलीत रुतून बसलेले. मार्चमध्येच घातलेले, चांगले अल्कलाइन, महागाचे. वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली त्यांनी अख्खा मे महिना काढला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

टॉर्च वर्षातून चार-पाच रात्री लागते. उरलेले दिवस सेल नुसता पडून असतो, आणि आपल्याकडे त्यातले दोन-अडीच महिने चाळिशीच्या वर. म्हणून ‘कोणता सेल जास्त वेळ जळतो’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: कोणता सेल पडून राहिला तरी खराब होत नाही?

(आमच्या घरी अजून टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे दुकानात ‘बॅटरीची बॅटरी द्या’ असं व्हायचं. इथे मी सेलच म्हणतो.)

१. टॉर्च डबल ए मापाची घ्या

म्हणजे दुकानातला पेन्सिल सेल. वेळ पडली तर रात्री दहाला कोपऱ्यावरच्या किराण्यातही मिळतो.

प्लगला लावायच्या स्वस्त चार्जिंग टॉर्चवर संकटात विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच टॉर्चमध्ये चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत काही महिने पडली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि मग कितीही चार्ज करा, पाच मिनिटांत मान टाकते.

२. सेलचा प्रकार ठरवा

माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

*साधा झिंक-कार्बन सेल.* भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो. घड्याळातच राहू द्या. त्याचं बाहेरचं जस्ताचं डबडंच वीज तयार होताना खपत जातं. सेल संपत आला की डबडं पातळ होतं, भोक पडतं आणि आतलं बाहेर येतं. पाकिटावर ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं असतं त्याला भुलू नका, तोही याच घराण्यातला.

*अल्कलाइन.* ताकद उत्तम, थंड जागी पाच-दहा वर्षंही टिकतो. पण आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, सेल पडल्या पडल्या आत वायू साठतो, त्याच्या दाबाने ते बाहेर गळतं, आणि उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. अल्कलाइन घ्या, जरूर घ्या, पण टॉर्चमध्ये घालून विसरू नका. पाकिटातच ठेवा, टॉर्चला रबरबँडने बांधून. अंधारात दोन सेल घालायला अर्धा मिनिट लागतो. एकदा डोळे मिटून करून बघा, म्हणजे उलटे घालणार नाही.

*दीड व्होल्टचा लिथियम.* वापरून फेकायचा, चार्ज होत नाही. हाताला हलका लागतो, साधारण १५ ग्रॅम. अल्कलाइन २३च्या आसपास. ६० अंशांपर्यंत चालतो, गळण्याची भीती फार कमी, आणि कंपन्या वीस वर्षं टिकण्याची हमी देतात. महाग आहे, बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. तरीही घरातल्या एका टॉर्चमध्ये हेच दोन घालून ठेवा. पैसे वाचवायचेच तर टॉर्चवर वाचवा, या दोन सेलवर नको.

*चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड.* रोजच्या टॉर्चसाठी माझी पसंती याला. मात्र पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ लिहिलेलं बघा. साधा प्रकार काही महिन्यांत पडल्या पडल्या रिकामा होतो. हा १.२ व्होल्टचा असल्याने स्वस्त टॉर्चमध्ये उजेड थोडा मंद पडतो. मंद उजेडात जिना उतरता येतो.

*लिथियम-आयन, १८६५०.* १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, ३.७ व्होल्ट. उजेड झकास. पण दुकानदार ‘९८०० एमएएच’वाला दाखवायला लागला की नमस्कार करून निघा. या मापात खरी क्षमता ३५००च्या आसपास संपते. उन्हाळ्यात तो गच्च भरून ठेवू नका. ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरलेला पडला तर क्षमता ६५ टक्क्यांवर येऊ शकते. अर्ध्याहून थोडा कमी भरलेला असेल तर ८५च्या आसपास राहते. मी मार्चमध्ये निम्म्यावर आणतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण भरतो.

आणि एक इशारा. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा, पण ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या जागी दोन घातले तर टॉर्चचा दिवा जळून जाणारच. घरात पोरं असतील तर हा सेल आणूच नका.

३. ठेवायची जागा

आलमारीवर नको, गाडीच्या डिकीत तर नकोच. घरातल्या सगळ्यात खालच्या, सावलीच्या कप्प्यात ठेवा. कूलरसमोरही नको, तिथे दमट हवा लागते. फ्रीजचा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो: फ्रीजमधून काढलेल्या सेलवर आपल्याकडच्या हवेत दव धरतं, टोकं गंजतात.

जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. दमलेला सेल संपला तरी जोरदार सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो, आणि गळतो तो दमलेलाच.

४. गळलाच तर

‘लिंबू चोळा’ हा सल्ला अर्धाच बरोबर. अल्कलाइनची खपली अल्कधर्मी असते, तिला कापसाच्या काडीने लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. झिंक-कार्बनमधून निघतं ते आम्लधर्मी, तिथे खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, आणि पुसून पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.

५. तपासणी

नवतपा उतरला की, मृग लागायच्या आत. सगळे सेल बाहेर काढा, पाकिटावरची तारीख वाचा, टॉर्च पाच मिनिटं लावून ठेवा. सेल टेबलावर टाकून उसळतो का बघायची (उसळला तर संपला म्हणे) युक्ती सोडा, निम्मा वापरलेला सेलही उसळतो. मल्टिमीटर असेल तर नवा अल्कलाइन १.६ व्होल्टच्या जवळपास दाखवेल, १.३च्या खाली गेलेला मी टीव्हीच्या रिमोटला देऊन टाकतो.