जुन्या डिझेल ट्रकचे मिसिंग घरी कसे शोधावे

जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन मिसिंग मारू लागले, म्हणजे त्याचा ठोका चुकू लागला, की पहिला सल्ला मिळतो तो डिझेलचा मुख्य पंप उघडण्याचा. तो मानून मी एकदा विनाकारण खर्च केला आहे, आणि आजही तो कोणी सहजपणे दिला की मला राग येतो. पंप ही तपासणीतली शेवटची पायरी आहे. टाकीत थोडे रॉकेल घालण्याचा सल्ला तर त्याहून वाईट, कारण पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते आणि रॉकेलने ते पातळ होते.

पुढची माहिती मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. माझा अनुभव टाटा 407 च्या 497 इंजिनाचा आहे. (चार सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, म्हणून 497; सहा सिलिंडरचे ते 697.) अशा इंजिनात पंपापासून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नोझलपर्यंत वेगळा लोखंडी पाईप गेलेला दिसतो. सगळ्या नोझलना एकाच जाड रेलमधून डिझेल जात असेल, तर ती कॉमन रेल गाडी आहे. तिच्या पाईपात हजार बारहून अधिक दाब असू शकतो, त्यामुळे चालू इंजिनावर तिचा एकही नट सैल करू नये आणि हा लेख त्या गाडीला लावू नये.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करून चाकांना उटी (अडसर) लावावी. एअर फिल्टर पाहावा, डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. पावसाळ्यात निम्मी दुखणी तिथेच निघतात.

आता खरे काम. इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून दोन-तीन मिनिटे फक्त आवाज ऐकावा. ठोका ठरावीक अंतराने, दर वेळी त्याच लयीत चुकत असेल, तर एक सिलिंडर काम करत नाही. ठोका कधी चुकतो, कधी सुधारतो, रेस दिल्यावर इंजिन दबते आणि पुन्हा उचल घेते, असे असेल, तर बहुतेक वेळा डिझेलमध्ये हवा येत आहे. या दोन तक्रारींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि मी फसलो तो नेमका हा फरक न केल्यामुळे.

माझी गाडी सुरू झाल्यावर पंधरा मिनिटे उत्तम चालायची आणि मग गचके देऊ लागायची. एका गॅरेजच्या सांगण्यावरून पंप उतरवला, कॅलिब्रेशन करून घेतले, चारही नोझल तपासून बसवले. गाडी तशीच. दोष निघाला टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीत, क्लिपच्या अगदी खाली, चेसिसकडच्या बाजूला, नखाएवढ्या चिरेत. मी ती नळी त्याआधी तीनदा हाताने चाचपली होती आणि प्रत्येक वेळी ती कोरडी लागली होती, म्हणून मी तिला दोषमुक्त ठरवले होते. चूक तिथेच झाली. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणारा छोटा पंप) या भागात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत जाते. कोरडी नळी म्हणजे चांगली नळी हा समज फीड पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला चालेल. मागच्या बाजूला तो मनातून काढून टाकावा.

म्हणून हवेचा संशय आला की टाकीच तपासणीतून वगळावी. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल भरून तो फिल्टरपेक्षा उंच जागी घट्ट बांधावा, आणि त्यातून नवी पारदर्शक नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडावी. हँड प्रायमर (डिझेल भरण्याचा छोटा हातपंप) मारून एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढावी आणि बिघाड ज्या वेळेला सुरू होतो त्याच्या पुढेही इंजिन चालवावे. माझ्या गाडीला पंधरा मिनिटे लागत, म्हणून मी अर्धा तास चालवली. पाच मिनिटांत निष्कर्ष काढू नये. मिसिंग गेले तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये आहे: नळी, क्लिप, बंजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर, नाहीतर टाकीच्या आतली उभी नळी. ही उभी नळी वरच्या भागात चिरली असेल, तर टाकी भरलेली असताना गाडी ठणठणीत चालते आणि डिझेल कमी झाले की गचके देते. कॅनवरही बुडबुडे दिसत राहिले, तर प्रायमरचे सील आणि फीड पंपाचा जोड पाहावा. संशयित जोडावर ग्रीसचा जाड थर लावल्यावर बुडबुडे थांबले, तर जागा सापडली. मात्र ग्रीस ही दुरुस्ती नव्हे, वॉशर बदलावाच.

ठोका ठरावीक लयीत चुकत असेल, तर काम सोपे आहे. थंड इंजिन सुरू करून लगेच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) प्रत्येक तोंडावर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. चालणाऱ्या सिलिंडरपाशी तो चर्र करून उडतो; बंद सिलिंडरपाशी तो बराच वेळ तसाच बसून राहतो. खात्रीसाठी आयडलवर एकेका नोझलपाशी पाईपचा नट अर्धा फेरा सैल करावा. आवाज बदलला तर तो सिलिंडर चालू आहे, काहीच फरक पडला नाही तर तो बंद आहे. नटावर फडके गुंडाळावे, चष्मा आणि हातमोजे घालावेत, गरम मॅनिफोल्डवर डिझेल पडू देऊ नये. बारीक फवाऱ्यासमोर बोट कधीही नेऊ नये. दाबाखालचे डिझेल कातडीत शिरते, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडू शकते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

सैल केलेल्या नटातून डिझेल येतच नसेल, तर पंपाचा संशय रास्त आहे, आणि पंप उघडण्याची माझी संमती इथेच. डिझेल येते पण सिलिंडर बंद आहे, तर इंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करावे. बिघाड नोझलबरोबर सरकला, तर नोझल टेस्टिंगला द्यावे. जागीच राहिला, तर दोष इंजिनाच्या आत आहे: टॅपेट, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट किंवा पिस्टनची रिंग. नोझल काढताना जुना कॉपर वॉशर भोकात चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने पाहावे. त्याच्यावर दुसरा वॉशर बसला की नोझल वर उचलले जाते आणि नवाच दोष तयार होतो. नवा वॉशर दर वेळी.

टॅपेटचे अंतर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे घरी लावता येते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मात्र डिझेल इंजिनाच्याच गेजने मोजावे. पेट्रोलचा गेज या दाबाला टिकत नाही. कॉम्प्रेशन खरोखर कमी निघाले, तर पुढचे काम हेड उतरवण्याचे आहे आणि ते गॅरेजचे.

सगळे जोडून झाल्यावर एअर काढावी, नट आवळावेत, कोरड्या फडक्याने प्रत्येक जोड पुसावा, खाली वर्तमानपत्र पसरून इंजिन अर्धा तास चालवावे, आणि कागदावर एकही डाग नसेल तरच माल भरावा.